पत्र नव्हे, मुदत सांभाळा

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पत्राची स्वतंत्र सेवा बंद करून ती स्पीड पोस्टात सामावून घेतली. ज्याच्या नावाचे टपाल त्याच्याच हाती पडावे असे वाटत असेल, तर आता स्पीड पोस्टावर जादा शुल्क भरून तशी नोंदणी करावी लागते. बातमी आली तेव्हा बहुतेकांनी एका जुन्या सेवेला निरोप दिला आणि विषय संपवला. पण सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील आष्ट्यासारख्या गावात रजिस्टर म्हणजे एक वर्दीच होती. ‘रजिस्टर आलंय, सही करा’ असे पोस्टमनने दारातून म्हटले की घरातला माणूस हातातले काम टाकून उठायचा, चष्मा शोधला जायचा, शेजारच्या शिकल्या-सवरल्या पोराला हाक जायची. आता बँकेचे कार्ड, पासपोर्ट, वाहन परवाना आणि वकिलाची नोटीस ही सगळी एकाच नावाच्या सेवेतून येतात. त्याहून कितीतरी अधिक टपाल तर दाराशी न येता थेट फोनमध्ये उतरते. अशा काळात आलेले टपाल हाताळणे हे निव्वळ टापटिपीचे काम राहत नाही, घरच्या जमाखर्चाच्या बरोबरीने ते महत्त्वाचे ठरते. आणि त्यासाठी एकच कसोटी खरी उपयोगाची आहे. पत्र कोणी पाठवले, ते कागदावर आले की ईमेलने, हे मागाहून पाहावे. त्यात मुदत आहे का आणि ती कधी संपते, हे आधी पाहावे.

पूर्वी ही कसोटी लावावी लागत नसे, कारण टपाल स्वतःच आपले महत्त्व सांगत यायचे. कोपरा फाडलेले कार्ड दिसले की कोणीतरी गेल्याचे वाचण्याआधीच कळायचे. हळद-कुंकू लावलेले पाकीट लग्नाचे, लांब खाकी लखोटा सरकारी, आणि ‘तार आली’ या दोन शब्दांनी तर अख्ख्या आळीच्या पोटात गोळा यायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली. सांगायचे ते हे की न वाचताही अर्धी छाननी होऊन जायची. वाचून झालेले कागद भिंतीवरच्या तारेच्या आकड्याला टोचले जायचे, वीजबिलावर खताची पावती, पावतीवर मामाचे पत्र. आठवड्याला दोन-चार कागद येत होते तोवर तेवढ्याने भागलेही. ईमेलच्या पेटीत मात्र या सगळ्या खुणा पुसल्या जातात. चपलांच्या सवलतीची जाहिरात आणि प्राप्तिकर खात्याची सूचना एकाच जाडीच्या अक्षरांत एकीखाली एक बसतात. उलट जाहिरातीचाच मथळा जास्त घाईचा वाटतो, कारण तो तसा वाटावा म्हणूनच लिहिलेला असतो. महत्त्व ओळखण्याचे जे काम पाकीट करत होते, ते आता वाचणाऱ्याच्या गळ्यात पडले आहे.

ही नुसती गैरसोय असती तर वर्तमानपत्राची जागा अडवण्याचे कारण नव्हते. पण कायद्याच्या लेखी पत्र ‘मिळणे’ आणि पत्र ‘वाचणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दिवस मोजले जातात ते मिळण्यापासून. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २७ सांगते, की पत्ता बरोबर घालून, पैसे भरून, रजिस्टर टपालाने पत्र पाठवले असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, ते पोचले असेच धरायचे. न वटलेल्या धनादेशांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ आणि २००७ च्या निकालांत हे तत्त्व ठामपणे लावले. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घरी कोणी नाही’ असा शेरा होऊन परत गेले, तरी नोटीस बजावली गेली असे मानता येते. ‘घेतलीच नाही, मग काय करतील’ हा पारावरचा सल्ला म्हणूनच अंगाशी येतो. ईमेलबाबत २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १३ आणखी पुढे जाते. तुम्ही जो ईमेल पत्ता कळवलेला असेल, त्या पेटीत मजकूर शिरला त्या क्षणी तो तुम्हाला मिळाला. पेटी उघडली की नाही, हा प्रश्नच त्यात नाही.

याचा अर्थ वाळवा तालुक्यातल्या एखाद्या घरात काय होतो, ते पाहू. उसाचे बिल, पतसंस्थेचे कर्ज, खताच्या दुकानाची उधारी अशा व्यवहारांत धनादेश दिले-घेतले जातात. एखादा धनादेश परत आला, की बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस धाडायची असते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर विषय तिथेच मिटतो. ते १५ दिवस उलटले की पुढच्या महिनाभरात फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००७ च्या निकालाने एक फट ठेवली आहे. नोटीस खरोखरच मिळाली नव्हती असे म्हणणाऱ्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत, म्हणजे तक्रार फेटाळावी अशी विनंती त्याला करता येते. पण त्यासाठीही समन्स तरी वेळेत उघडायला हवे. जमिनीच्या बाबतीतही तेच. सातबारावर फेरफार धरायचा झाला की तलाठ्याकडून नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. वारसनोंदीत हा कागद फार नाजूक ठरतो. मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मान्य केला, पण सासरी गेलेल्या बहिणीचा पत्ता कागदोपत्री माहेरचाच राहिला, तर तिची नोटीस भावाच्या उंबऱ्यावर पोचते. तिच्या हक्काची मुदत तिला न कळताच धावू लागते. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा पाहता येतात हे खरे, पण तिथे जाऊन पाहावे हे सुचायला आधी कोणीतरी सांगायला हवे.

मुदतीची कसोटी लावली की टपालाचा ढीग भराभर ओसरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सहकारी कारखान्यांचे अहवाल घरोघरी येऊन पडतात, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. जाड, रंगीत पुस्तक. बहुतेक घरांत ते चाळून टेबलाखाली जाते. त्यातल्या सभेच्या नोटिशीत, विषयपत्रिकेखालच्या बारीक टिपांत, सभासदांनी लेखी प्रश्न किती दिवस आधी द्यावेत ते छापलेले असते. अख्ख्या अहवालात घाईची ओळ तेवढीच. सभेत बोलता आले नाही म्हणून चडफडणाऱ्या सभासदाने ती वाचलेली असते का, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारावा. उलट, भारदस्त पाकिटातून येणारी विमा कंपनीची शुभेच्छापत्रे, बँकेचे गृहकर्जाचे आमंत्रण, कारखान्याच्या अध्यक्षांचे मनोगत यांत मुदत नावाची चीज नसते. पाठवणारा मोठा म्हणून पत्र मोठे, ही समजूत सोडली पाहिजे. ईमेलमध्ये तर ही समजूत अधिकच नडते. प्राप्तिकर विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, विवरणपत्रात दोष निघाला तर तो दुरुस्त करायला साधारण १५ दिवस मिळतात. हे कळवणारी ईमेल रूक्ष असते, इंग्रजीत असते, आणि दोन जाहिरातींच्या मधे गुमान बसलेली असते.

मुदत पाळायची तर आधी टपाल योग्य दारी यायला हवे. म्हणून पत्ता हा या विषयाचा निम्मा भाग आहे. आष्टा सांगली जिल्ह्यात आहे, तसेच मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातही आहे. आष्टी बीडमध्ये आहे, वर्ध्यात आहे आणि गडचिरोलीतही आहे. एकसारख्या गावनावांचा आणि नाना लिप्यांतल्या पत्त्यांचा हाच घोळ सोडवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, आणि त्यामागचे डोके टपाल खात्यातल्या एका मराठी माणसाचे, संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे होते. ४१६३०१ हे सहा आकडे नीट लिहिले की पत्र आपल्याच आष्ट्याला येते. तालुक्याच्या गावाला जुन्या नावाने इस्लामपूर म्हणा की नव्या नावाने ईश्वरपूर, त्याने आकड्याला फरक पडत नाही. ईमेल पत्त्याच्या बाबतीत मात्र आपण फारच बेफिकीर आहोत. अनेकांनी पॅन कार्ड, शिष्यवृत्ती, विमा, प्रवेश असे अर्ज गावातल्या नेट कॅफेतून किंवा सेवा केंद्रातून भरलेले असतात, आणि अर्जातल्या ईमेलच्या रकान्यात घाईघाईने केंद्रचालकाचाच पत्ता टाकलेला असतो. काहींचा पत्ता पोराने शाळेत असताना काढून दिलेला, परवलीचा शब्द कोणालाच आठवत नाही. गुगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते कायमचे मिटवले जाऊ शकते. पण कायद्याच्या भाषेत ‘तुम्ही कळवलेला पत्ता’ म्हणजे अर्जात भरलेला हाच, आणि त्यावर आलेले ‘मिळाले’ असे म्हणायला समोरचा मोकळा.

पत्ता हरवल्याने काय होते याचा पुरावा रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत आहे. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी बँकांना तिच्या निधीत जमा कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सरकारी बँकांनी अशा ३५,०१२ कोटी रुपयांच्या ठेवी वर्ग केल्या होत्या. शेवटी त्या शोधता याव्यात म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ काढावे लागले. हे पैसे सगळे पत्र न पोचल्यामुळे पडून राहिले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. खातेदार वारला आणि घरच्यांना खात्याचा पत्ताच नाही, अशीही प्रकरणे त्यात असणार. पण तसे घडते तेव्हाही मुळाशी तीच गोष्ट असते, घरात आलेल्या कागदांची कुठेच नोंद नसते. सांगली जिल्ह्याला हे अधिक लागू आहे, कारण इथला माणूस एका जागी बसलेला नाही. खानापूर-आटपाडीकडचे सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर पांगले आहेत, आष्ट्यातली पोरे पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, आणि कागदोपत्री सगळ्यांचा पत्ता गावचाच. टपाल येते म्हाताऱ्या आई-वडिलांकडे, मुदत धावते पुण्यात बसलेल्या मुलाची.

यावर उपाय अवघड नाही आणि तो आपल्याला नवाही नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी असते. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख आणि पुढची कारवाई मिळाल्याखेरीज तो टेबलावर जात नाही. घराला एवढा थाट नको. एक वही पुरे, आणि तिच्यात चार रकाने: काय आले, कोणाच्या नावे, शेवटची तारीख कोणती, काय केले. मुदत नसलेला कागद वहीत चढवायचाच नाही. ईमेल आणि कागद यांसाठी एकच वही, कारण तारीख दोन्हीकडे सारखीच असते. आठवड्यातला एक ठरलेला वार, अर्धा तास, घरातल्या सगळ्यांच्या नावाचे टपाल एकत्र. गावी आलेल्या पाकिटाचा फोटो त्याच दिवशी ज्याचे त्याला पाठवायचा. महत्त्वाच्या कामांसाठी एकच ईमेल पत्ता ठेवावा, तो स्वतःचा असावा आणि दुकानात बिल करताना तो सांगू नये. स्पॅमची पेटीही आठवड्याला एकदा चाळावी, कारण खरी सूचना तिथे जाऊन पडल्याने मुदत थांबत नाही. महावितरणच्या ‘गो ग्रीन’ योजनेत छापील बिल नाकारले की दर बिलामागे १० रुपये सूट मिळते. ती जरूर घ्यावी, पण दाराशी येणारा आठवणीचा कागद आपण विकला आहे हे ध्यानात ठेवून बिलाची तारीख वहीत घ्यावी. आणि मूळ कागद भिंतीवर न ठेवता उंचावर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या घरांतून कागदपत्रांचा जो लगदा झाला, तो या भागाला वेगळा सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: ‘महत्त्वाचे असेल तर फोन येईलच.’ कायद्याने तसा फोन करण्याचे बंधन पाठवणाऱ्यावर नाही. आणि आज घाईघाईने जे फोन येतात, त्यांत भामट्यांचे बरेच असतात. यातूनच दुसरा, अधिक वजनदार आक्षेप निघतो. मुदतीकडेच लक्ष द्या म्हटले तर फसवणारेही मुदतच दाखवतात, मग त्यांचे फावणार नाही का? ‘मागचे बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क करा’ हा संदेश महाराष्ट्रात किती जणांना लुबाडून गेला. पण इथेही मुदतच ओळख पटवते. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायला सांगते. खरी कचेरी दिवसांत बोलते, भामटा तासांत. ज्याला खऱ्या मुदती ठाऊक आहेत त्याला खोटी मुदत लगेच खटकते. शिवाय प्राप्तिकर खात्याच्या पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्त ओळख क्रमांक असावा लागतो, आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पत्र खरे की खोटे ते पाहता येते. ईमेलमधल्या दुव्यावर बोट न ठेवता स्वतः संकेतस्थळावर जाऊन खात्री करायची आणि मगच तारीख वहीत घ्यायची, एवढे पथ्य पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप असा की जाहिरातींचा हा सगळा कचरा काही आपण बोलावल्यामुळे येत नाही, मग तो आवरण्याचे ओझे आपल्यावर का? हे रास्त आहे. फोन आणि एसएमएसच्या जाहिराती थांबवायला १९०९ हा क्रमांक आहे, ईमेलसाठी तशी सोय नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, पण तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. २०२४ पासून गुगलने घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय देणे भाग पाडले आहे, तिचा वापर ओळखीच्या कंपन्यांपुरता निर्धास्त करावा. पण खरे सांगायचे तर पेटी रिकामी करण्याचा ध्यास घेण्याचीही गरज नाही. हजार न वाचलेल्या जाहिराती पडून राहिल्या तर काहीही बिघडत नाही. एक तारीख चुकली तर बिघडते. पेटी लख्ख करण्यात वेळ घालवणारा माणूस अनेकदा तेवढ्यावरच समाधान मानतो आणि नेमके उत्तर द्यायचे पत्र ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवतो.

चौथा आक्षेप मात्र पुरता मान्य करावा लागेल. ज्याला वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही, फोन दुसऱ्याच्या हातात आहे, त्याने वही ठेवायची कशी? इथे पाठवणाऱ्यालाच शहाणपण शिकवण्याची पाळी येते. पोचले म्हणजे मिळाले हे तत्त्व कायद्याने पाठवणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवले आहे. नाहीतर पाकीट नाकारून कोणीही कायदा बुडवला असता, हे मान्य. पण सोय एकाला दिली तर कर्तव्यही त्याच्याकडे यायला हवे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने महाराष्ट्र शासनाने स्वतःच्या कामांना मुदती घालून घेतल्या आणि त्या कचेऱ्यांत फलकावर लावल्या. मग नागरिकाला जी मुदत घातली जाते, ती तितक्याच ठळकपणे त्याच्या पत्राच्या माथ्यावर का नसावी? तलाठ्याची नोटीस, पतसंस्थेचे मागणीपत्र, कारखान्याच्या सभेची सूचना, बँकेची केवायसीची ईमेल, या सगळ्यांची पहिली ओळ मराठीत आणि एकाच साच्याची असावी: अमुक तारखेपर्यंत अमुक करा, न केल्यास अमुक होईल. बाकीची कलमे खुशाल खाली येऊ द्यात. आष्टा नगरपरिषदेने घरपट्टीच्या मागणी बिलापासून आणि तालुक्यातल्या कारखान्यांनी येत्या वार्षिक अहवालापासून हे सुरू करावे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक तारीख छापायला नवा कायदा लागत नाही की जादा छपाईखर्च येत नाही. आणि ती छापली जात नाही तोवर, वही ठेवू शकणाऱ्या प्रत्येक घराने आपल्याबरोबर शेजारच्या एका न वाचू शकणाऱ्या घराच्या मुदतीही लिहून घ्याव्यात.